चौदा तोंडांची एक बातमी

काट्यानं धनश्री हुलवानला शंभरापैकी सतरा दिले आणि येळवडे गावानं तिच्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ती किराणा दुकानात शिरली की बायका आपापल्या पिशव्यांत तोंड घालून काहीतरी शोधायला लागायच्या, एवढंच. मी हे रोज बघत होते आणि माझं डोकं रोज तापत होतं. मी सारिका मगदूम. इथल्या विद्यालयात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. माझी जीभ तिखट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणू देत बापडे.

काट्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, विश्वसनीयता मापन प्रणाली की काय. पण आमचं गाव बेदाण्याच्या बाजाराचं. इथं प्रत्येक गोष्ट काट्यावर चढवूनच घ्यायची सवय, म्हणून लोकांनी त्याचाही काटा केला. बारा-पंधरा वर्षांपूर्वी खोट्या बातम्या आणि खोट्या चित्रफितींनी नुसता उच्छाद मांडला होता. आवाज आपल्या माणसाचा, चेहरा आपल्या माणसाचा, आणि बोलणं भलत्याचंच. त्यावर उपाय म्हणून हा आला. तुम्ही काहीही वाचा किंवा ऐका, पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा उमटतो. नव्वदच्या वर हिरवा, तिसाच्या खाली लाल.

आतलं गणित तसं समजायला सोपं आहे. काटा चार गोष्टी बघतो. सांगणाऱ्याचं आजवर किती खरं निघालं, ही पहिली. तीच गोष्ट आणखी किती जण स्वतंत्रपणे सांगतात, ही दुसरी. खोटं बोलण्यात सांगणाऱ्याचा फायदा आहे का, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे भाषा. वाक्यं सरळ चालतात की अडखळतात, माणूस पुढचं आधी आणि मागचं नंतर सांगतो का, तेच तेच बोलतो का. यातल्या दुसऱ्या गोष्टीला वजन सगळ्यात जास्त. दहा जण दहा वेगवेगळ्या खिडक्यांतून बघून एकच सांगत असतील, तर ते खरं असण्याची शक्यता दहापट नाही, हजारपट वाढते. गणितात चूक काढायला जागा नाही. फक्त खिडक्या खरोखरच दहा असायला पाहिजेत.

काटा आला आणि आमच्या इंग्रजीच्या पुस्तकातला एक अख्खा विभाग गेला. पूर्वी त्यात मजकूर तपासायला शिकवायचे. हे कोण म्हणतंय, त्याला कसं कळलं, कोणता शब्द वाचणाऱ्याला ढकलायला वापरलाय, काय सांगायचं टाळलंय. आता आकडाच मिळतो म्हटल्यावर वरच्यांना तो विभाग म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला. मला नाही वाटला. मी शनिवारचा शेवटचा तास त्यासाठी राखून ठेवला. मुलांच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरचा आकडा झाकायचा आणि नुसतं वाचायचं. पालकांनी तक्रारी केल्या. कानातली बटणं भाषांतर करून देतात, तर मॅडम इंग्रजी तरी कशाला शिकवतात, असंही एकानं विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याच्या भाषेत वाचताना माणूस सावकाश वाचतो, आणि सावकाश वाचणाऱ्याला फसवायला वेळ लागतो. त्याला पटलं असेल असं काही मला वाटत नाही.

आता धनश्रीचं सांगते. माळावर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथली यंत्रं ती चालवायची, परवानाधारक ऑपरेटर. अशा ठिकाणी थंडावा करायला अमोनिया वापरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर एका गुरुवारी दुपारी नळीचा जोड फुटला आणि अमोनिया बाहेर आला. सायरन वाजलाच नाही. कामावरच्या बायकांपैकी दोघींना दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी चौदा ठिकाणी बातमी आली. वर्तमानपत्रं, पोर्टलं, रेडिओ, सगळीकडे तेच. गळती होताच ऑपरेटर धनश्री हुलवान मास्क चढवून मागच्या दारानं पळाल्या, पॅकिंग हॉलमध्ये अडकलेल्या बायका पुढच्या दारानं कशाबशा स्वतःच बाहेर आल्या. मागच्या दारावरच्या कॅमेऱ्यात धनश्री पळताना दिसत होती, हे खरं. काट्यानं बातमीला चौऱ्याण्णव दिले.

धनश्रीचा जबाब वेगळा होता. मी बायकांकडेच पळाले, त्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला काढलं, मग परत आत जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. पण हे तिनं सांगितलं ते दवाखान्याच्या ओट्यावर बसून, खोकत, मागचं पुढं करत. काट्याला ती भाषा आवडली नाही. शिवाय परवाना तिचाच जाणार, म्हणजे खोटं बोलण्यात फायदा तिचाच. म्हणून सतरा. आणि नियम असा की तिसाच्या खालचा जबाब चौकशी अधिकाऱ्यासमोर वाचलाच जात नाही. सुनावणी झाली की परवाना रद्द आणि वर फौजदारी खटला, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

तिची मुलगी शर्वी माझ्या दहावीत. हुशार, जरा भांडखोर, मला आवडणारी. त्या बातमीनंतर ती शाळेत यायची बंद झाली. आली ती एका मधल्या सुट्टीत, थेट स्टाफरूमच्या दाराशी. मी तिला बाहेर कट्ट्यावर नेलं. ती चपलेनं माती उकरत राहिली.

मग म्हणाली, “मॅडम, मम्मी खोटं बोलत असेल का?”

मी विचारलं, आईला विचारलंस का काय झालं ते? तर म्हणे नाही. काय विचारायचं, तिचा आकडा सतरा आहे. घरात दोघी जेवतात, भांडी घासतात, झोपतात, आणि त्या दुपारचा विषय निघत नाही. मला काट्याचा राग आधीपासून होताच. पण पोटच्या पोरीनं आईला विचारायचंसुद्धा सोडून दिलं, हे बघून मात्र मी ठरवलं, बास झालं.

मी शर्वीला सांगितलं की शनिवारच्या तासाला मी हाच विषय घेणार आहे. चौदा बातम्या आणि तुझ्या आईचा जबाब, सगळं इंग्रजीत, नावं काढून, आकडे झाकून. तुला नको असेल तर नाही घेत. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, घ्या. मला स्वतःलाच बघायचंय.

शनिवारी वर्गात एकही बाक रिकामा नव्हता. नावं काढली म्हणून काय झालं, कोणाचं काय ते पोरांना कळत होतंच. मी फळ्यावर नेहमीचे दोन प्रश्न लिहिले. हू सेज सो? हाऊ डू दे नो? मग म्हटलं, प्रत्येक वाक्य घ्या आणि मला सांगा, हे लिहिणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलंय, कोणाकडून ऐकलंय, की मनानं भरलंय.

पहिल्यांदा हाताला लागली ती विशेषणं. ऑपरेटरबाई बेजबाबदार, भित्र्या, मतलबी. चौदाही ठिकाणी. सायरनबद्दल मात्र एवढंच की तो वाजला नाही. कोणी बंद ठेवला होता, केव्हापासून, याबद्दल एक शब्द नाही. बाईवर दिव्याचा झोत आणि यंत्रावर अंधार, असं एक मुलगी म्हणाली. मी तिची पाठ थोपटली. मग एकानं दाखवलं की चौदाही मजकूर एकाच क्रमानं चालतात. आधी पळाल्या, मग मास्क, मग बायका, मग कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरचं दुःख. चौदा माणसांनी एखादी गोष्ट पाहिली तर चौदा जण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतील का? आपल्या वर्गात साधी मारामारी झाली तरी प्रत्येक जण वेगळीकडून सुरू करतो.

शर्वीचं लक्ष तोवर दुसरीकडेच होतं. ती पंधरावा मजकूर वाचत होती, पुन्हा पुन्हा. आईचा. आयुष्यात पहिल्यांदा वाचत होती. मी तिच्या बाकाजवळ गेले तर तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. धनश्रीनं म्हटलं होतं की मी बायकांना पदर टाकीत बुडवून तोंडाला धरायला लावला. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. ओलं कापड नाकातोंडावर धरलं तर बराचसा गॅस त्या पाण्यातच अडकतो, छातीत कमी जातो. हे शहाणपणाचंच झालं. पण शर्वीचा प्रश्न दुसराच होता. ती म्हणाली, “मॅडम, पॅकिंग हॉलमध्ये पाण्याची टाकी नसते. बेदाण्याजवळ कोण पाणी ठेवेल?”

काटा असता तर म्हणाला असता की जबाबात विसंगती आहे, घ्या आणखी दोन मार्क कमी. वर्गही जरा खाली मान घालून बसला. मग मागच्या बाकावरचा पार्श्व शेटे उठला. त्याच्या वडिलांची बेदाण्याची अडत आहे. पोरगा एरवी तासाला डुलक्या घेतो. त्यानं पाटीवर तारीख बघितली, परत बघितली, आणि म्हणाला, “मॅडम, त्या दिवशी अमावस्या होती.”

बाहेरच्या माणसाला यात काही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या बाजारात अमावस्येला सौदे होत नाहीत. सौदे नाहीत म्हणजे माल निघत नाही, आणि माल निघत नाही म्हणजे पॅकिंग हॉलला कुलूप. त्या दिवशी सगळ्या कोल्ड स्टोरेजमध्ये बायकांना एकच काम असतं, मागच्या अंगणात बसून रिकामे क्रेट धुवायचे. क्रेट धुवायला तिथं सिमेंटची मोठी टाकी असते. गावातलं शेंबडं पोर हे जाणतं. पण रोजच्या सवयीनं लिहिणारा माणूस, जागेवर न जाता लिहिणारा माणूस, तो पॅकिंग हॉलच लिहिणार. चौदापैकी चौदा जणांनी तेच लिहिलं होतं.

म्हणजे बायका मागच्या अंगणात होत्या. आणि धनश्री मागच्या दारानं पळाली होती.

शर्वी बाकावर डोकं टेकून रडायला लागली. शेजारची मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी फळ्याकडे तोंड करून उगीच फळा पुसला, कारण माझेही डोळे भरले होते आणि पोरांसमोर मला ते चालत नाही.

सोमवारी मुलांनी रीतसर आक्षेप दाखल केला. काट्याच्या नियमात तशी सोय आहे. दोन मजकुरांचं मूळ एकच आहे असं दाखवून दिलं तर काटा त्यांना एकच साक्ष धरतो. उत्तर चुटकीसरशी आलं. चौदा मजकुरांत शब्दसाम्य नगण्य, आक्षेप अमान्य. खरंच होतं ते. एकाचं एक वाक्य दुसऱ्याशी जुळत नव्हतं. एका गोष्टीची चौदा सोंगं होती, आणि काटा कपडे मोजत होता. वर्गातल्या गौरी बिराजदारनं आणखी एक काम केलं. क्रेट धुणाऱ्या बायका जतच्या पलीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, गळतीनंतर आपापल्या गावी गेलेल्या. गौरीनं त्यांच्यातल्या महादेवीला फोनवर गाठलं आणि कन्नडमधून नुसतं विचारलं, काय झालं ते सांगा. महादेवीनं टाकी सांगितली, पदर सांगितला, बांधावरून द्राक्षाच्या बागेत पळालेलं सांगितलं. धनश्रीची आणि तिची त्या दिवसानंतर गाठभेट नव्हती. काट्यानं तिला बावीस दिले. अनोळखी, एकटी, भाषांतरित.

आता एकच उरलं होतं. त्या चौदा बातम्यांचं मूळ कोण, हे माणसाच्या तोंडून वदवायचं. आणि ते मला वर्गातच कळून चुकलं होतं, फक्त मी पोरांना सांगितलं नव्हतं.

आमच्या तालुक्यातल्या बातमीदारांची एक जुनी पद्धत आहे. त्यांच्यातल्या सात जाणत्यांनी एकेक वार वाटून घेतलाय. ज्याचा वार, त्यानं त्या दिवशीच्या घटनेच्या जागी धावायचं आणि टिपण सगळ्यांना पाठवायचं. यात कोणाचं वाईट करायचा हेतू नाही. मानधन तुटपुंजं, प्रत्येकाला शेती नाहीतर दुकान, म्हणून एकमेकांना सांभाळून घ्यायचं. पूर्वी सगळे ते टिपण तसंच्या तसं छापायचे. काटा आल्यावर नक्कल पकडली जाऊ लागली, तेव्हा फोनमधली यंत्रं ते टिपण प्रत्येकाच्या शैलीत फिरवून द्यायला लागली. गुरुवार कोणाचा, हे मला विचारावं लागत नव्हतं. गेली पंचवीस वर्षं गुरुवारी आमच्या घरात जेवायला उशीर होतो. गुरुवार सुकुमार मगदूमांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा.

सुकुमार वाईट माणूस नाही. आकड्याच्या बाबतीत मात्र हळवा. त्याचा स्वतःचा अंक एक्क्याण्णव, तालुक्यात सगळ्यात वरचा, आणि लग्नकार्यात ओळख करून देताना तो नावाच्या आधी आकडा सांगतो. मी त्याला चहा दिला आणि समोर बसले. विचारलं, त्या गुरुवारी तू माळावर गेला होतास का?

त्यानं चहा ढवळायला घेतला. साखर केव्हाच विरघळली होती. मग हळूहळू बाहेर आलं. त्या दिवशी त्याची दाढ काढली होती, तोंडात कापूस, गाल सुजलेला. कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरचा फोन आला. तो स्वतःही गावात नव्हता, सांगलीत बँकेच्या कामाला गेलेला. त्यानं कॅमेऱ्यातला तुकडा पाठवला आणि सांगितलं असं असं झालं. सुकुमारनं पडल्या पडल्या टिपण केलं आणि सगळ्यांना धाडून दिलं. गॅसची सूचना देणारं यंत्र कित्येक आठवडे बंद होतं आणि मॅनेजरला तेच झाकायचं होतं, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, मग आता सांग तसं. सुनावणीत येऊन सांग.

त्यानं कप खाली ठेवला. “माझ्याबरोबर तेरा जणांची नावं जातील, सारिका. माझ्या भरवशावर लिहिलं त्यांनी.”

“एकीचं आधीच गेलंय,” मी म्हटलं.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, मग मलाही तोंड सोडता आलं असतं. पण तो नुसता उठून अंगणात जाऊन बसला. आठवडाभर आम्ही एका घरात राहून पाहुण्यासारखे वागलो. मी त्याच्या मागे लागले नाही. मी जाऊन त्याचं नाव सांगितलं असतं तर काट्यानं मला घरातलं भांडण म्हणून धुडकावलं असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. ज्याच्याबरोबर म्हातारी व्हायचं तो माणूस कोण आहे, हे मलाही एकदा कळायला पाहिजे होतं.

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात होती. चौकशी अधिकारी रेणुका पत्की म्हणून एक बाई, चेहरा अगदी कोरा. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर तीन आकडे. बातमीचा चौऱ्याण्णव हिरवा, धनश्रीचा सतरा आणि महादेवीचा बावीस लाल. धनश्री एका बाजूच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. शर्वी आमच्याबरोबर, मुलांच्या रांगेत. पत्कीबाईंनी मुलांचा आक्षेप वाचला, काट्याचा नकार वाचला, आणि चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या की मुलांचा तर्क मला पटतोय, पण नियमाप्रमाणे मूळ एक असल्याचा पुरावा लागतो. तो आहे का कोणाकडे? मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच.

सुकुमार मागच्या रांगेत उभा होता. केव्हा आला मला कळलंही नाही. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. तो पुढे आला आणि माइकची वाट न बघता बोलला.

“त्या दिवशी वार माझा होता. मी जागेवर गेलो नव्हतो. फोनवर ऐकलं ते लिहिलं. चौदाही बातम्या माझ्या एका टिपणावरून झाल्यात.”

सभागृहात कुजबूज उठली. मग कोपऱ्यातून सोमवारवाले पाटील उठले आणि म्हणाले, माझी बातमी मगदूमांच्या टिपणावरूनच. शेजारचा पोर्टलवाला उठला, माझीही. एकेक करत सहा जण उभे राहिले, आणि ज्यांनी यायचं टाळलं होतं त्यांच्यातले चार जण फोनवरून तेच म्हणाले. पडद्यावरचा हिरवा आकडा हलायला लागला. चौऱ्याण्णवचे ऐंशी, मग साठ, मग एकदम घसरत एकोणीसवर आला. धनश्रीचा चढत गेला, महादेवीचा चढत गेला, कारण आता काट्याला दिसलं की खरोखरच्या स्वतंत्र खिडक्या दोनच आहेत आणि त्या दोन्हींतून टाकी दिसते. माझी पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मी दटावायला हवं होतं. नाही दटावलं. मीच सगळ्यात जोरात वाजवत होते.

पत्कीबाईंनी हात वर केला, शिपायाला सांगून पडदाच बंद करायला लावला आणि धनश्रीकडे वळल्या. “मला आकडा नको. तुम्ही बोला, मी ऐकते.”

धनश्री बोलली. अजूनही अडखळतच, मागचं पुढं करत. पांढरं धुकं जमिनीलगत पसरत आलेलं, डोळे झोंबलेले, बायकांना टाकीकडे ढकललेलं, एकीला पाठीवर घेतलेलं. पत्कीबाई मध्येच थांबवून विचारत होत्या, वारा कुठून होता, तुम्हाला कसं कळलं, हे पाहिलंत की नंतर कोणी सांगितलं. माझी मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, कारण हे त्यांचेच प्रश्न होते. महादेवीला फोनवर घेतलं, गौरी दुभाषी झाली. दोघींचं बारीकसारीक जुळत नव्हतं, एक म्हणे आधी पाच जणी निघालो, दुसरी म्हणे आधी चार. पत्कीबाई म्हणाल्या, जुळत नाही तेच बरं आहे, पाठ केलेलं असतं तर जुळलं असतं. मुख्य ते सगळं जुळलं. संध्याकाळच्या आत धनश्रीवरचे सगळे आरोप मागे घेतले गेले, परवाना कायम राहिला, आणि बंद यंत्राबद्दल मॅनेजरवर नोटीस निघाली.

सुकुमारचा अंक त्याच दिवशी चव्वेचाळीसवर आला. घरी जाताना तो म्हणाला की आता लग्नकार्यात कोणी विचारायचं नाही. मी म्हटलं, मी विचारते की, चल, मला पाणीपुरी घाल. मला इतका अभिमान वाटत होता त्याचा की रस्त्यात त्याचा हात धरला. गावानं बघितलं. बघू दे. हल्ली तो गुरुवारी खरोखरच धावतो, आणि प्रत्येक टिपणाच्या खाली लिहितो, हे मी पाहिलं, हे मी ऐकलं, हे मला माहीत नाही. बाकीच्या तेरा जणांनीही तसं लिहायला सुरुवात केलीय. काटा बनवणाऱ्यांनी आमच्या मुलांचा आक्षेप अभ्यासाला नेला. शब्द सोडून चुका जुळतात का, हेही आता काटा बघणार म्हणे. शाळेत शनिवारच्या तासाला तक्रार करायला आता कोणी येत नाही. उलट मागच्या आठवड्यात तीन पालक मागे येऊन बसले होते आणि त्यातल्या एकाला मी उत्तर देता येईना म्हणून उभं केलं.

पण मी सांगत होते त्या संध्याकाळचं. निकाल झाल्यावर सभागृहाच्या बाहेर झाडाखाली सगळे जमले. कोणी तरी भडंगाची मोठी पिशवी आणली, चहा आला. ज्या बायका पिशव्यांत तोंड घालायच्या त्याच आता धनश्रीच्या गळ्यात पडत होत्या. ती हसत होती, पण डोळे सारखे गर्दीत फिरत होते. शर्वी लांब उभी होती. तिला पुढे यायचं होतं आणि येता येत नव्हतं. मी तिला ढकलणार होते. तेवढ्यात ती स्वतःच निघाली, बायकांमधून वाट काढत आईसमोर जाऊन उभी राहिली. बायका बाजूला सरल्या.

मला वाटलं माफी मागेल. तिनं माफी मागितली नाही. वर्गात विचारतात तसा सरळ प्रश्न विचारला, चौदा बातम्यांत कोणी विचारला नव्हता तो.

“मम्मी, तुला भीती वाटली होती का?”

धनश्रीनं हातातला चहा झाडाच्या पारावर ठेवला.

“वाटली की. बायकांना बागेत सोडलं आणि व्हॉल्व्हसाठी परत फिरले, तेव्हा पाय उचलत नव्हते. मग म्हटलं, आता नाही गेले तर संध्याकाळी शर्वीला काय सांगू?”

शर्वीचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. ती पारावर बसली, आईला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाली, “आता सांग. पहिल्यापासून सांग.”